वेल्डिंगला टाकलेला स्टँड

ज्या माणसाबद्दल मी लिहायला बसलो आहे त्याच्यावर मी चिडलेलो आहे. लिहून होईपर्यंत माझा राग निवळेल आणि शेवटी मी हात जोडून उभा राहीन, असं समजून कोणी वाचत असेल तर त्यानं इथेच थांबावं. ते जिवंत आहेत, चांगले खणखणीत आहेत, आणि त्यांनी माझ्यावर केलेला अन्याय अजून चालूच आहे.

ब्रह्मपुरीला मी ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा तीन वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले लाईनमन. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून मीही भाऊच म्हणायचो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी नर्स, आणि तिची नेमणूक भामरागडच्याही पुढे, जंगलातल्या एका गावात. तिला मी ताई म्हणतो. जन्मभर खांबावर चढून खाली उभ्या असलेल्या हेल्परशी बोलण्याची सवय, त्यामुळे भाऊंना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. फोनवर ते ‘जयभीम’ म्हणाले की शेजारच्या घरातली म्हातारी आतून ‘जयभीम’ म्हणायची.

त्यांच्या रागाचा सगळ्यात मोठा धनी होता मोटरसायकलचा साइड स्टँड. त्याला ते एकटंग्या म्हणायचे. ताईंनी त्यांना एक उंच, दणकट गाडी घेऊन दिली होती. जंगलातल्या रस्त्याला चांगली, पण तिला कंपनीनं डबल स्टँडच दिला नव्हता. भाऊंनी शोरूममध्येच तोंडाचा पट्टा सोडला.

“मागचं चाक वर उचलल्याबिगर चेन कशी साफ कराची? का चेन साफच नाई कराची? तुमच्या सायबाले म्हना, एकटंग्यावर गाडी लावून तू साफ करून दाखव, मी पाह्यतो!”

शोरूमचा मुलगा म्हणाला, “काका, आजकाल सगळे सर्व्हिसिंगलेच टाकतात.” भाऊ त्याच्याकडे असे पाहत राहिले की तो मुलगा उठून पाणी आणायला गेला.

एकदा बाजारात एक माणूस साइड स्टँड तसाच खाली ठेवून गाडीवर निघाला. वळणावर तो स्टँड जमिनीला टेकला की माणूस आपटतो, हे खरं आहे. भाऊंनी हाका मारल्या, त्याला ऐकू गेल्या नाहीत. मग त्यांनी आपली गाडी काढली आणि पार राईस मिलपर्यंत त्याचा पाठलाग केला. मी मागे बसलेलो, हातात वांग्यांची पिशवी. त्या माणसाला गाठून स्टँड वर करायला लावला, त्यानं आभार मानले, तिथे गोष्ट संपायला हवी होती. पण भाऊंनी खाली वाकून त्याची चेन पाहिली. ती कोरडी ठणठणीत होती. अर्धा तास त्या माणसाला रस्त्याच्या कडेला उभा करून त्यांनी झापलं. तो बिचारा सासऱ्याच्या तेरवीला निघाला होता.

भाऊंचा रविवार सकाळी अंगणात सुरू व्हायचा. गल्लीतले झिजलेले टूथब्रश ते मागून आणायचे, उकळत्या पाण्यातून काढायचे आणि एका डब्यात ठेवायचे. चेन धुवायला वाटीभर डिझेल, पुसायला जुन्या सुती लुगड्याचा फडका. टेरिकॉटचा तुकडा कोणी दिला तर त्याच्याच अंगावर फेकायचे. आणि चेनला हात लावण्याआधी गाडीची चावी काढून सदऱ्याच्या वरच्या खिशात घालायचे, वरून बटण लावायचे. इंजिन चालू ठेवून चेन पुसणाऱ्या माणसाची बोटं कुठे जातात हे त्यांनी कोणाच्या तरी हातावर पाहिलेलं होतं. चाक हातानं फिरवायचं, एक एक कडी पुढे घ्यायची. सगळं काम दीड-दोन तासांचं. तेवढ्या वेळात मी अंगणातून बूट घालून गेलो तरी ओरडा बसायचा.

हे सगळं वेडगळ वाटत असेल, पण त्यामागे कारण होतं. महिन्यातून एकदा भाऊ ताईंकडे जायचे. वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आलापल्ली आणि मग पुढे. पहाटे निघायचं आणि दुपारी पोहोचायचं, एका दिवसात सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. एसटीनं जा म्हटलं तर म्हणायचे, “एसटी मले तिच्या दारात सोडून देते का?” ताईंचं गाव मुख्य रस्त्यापासून आत होतं. आलापल्ली सोडली की मोबाईलला रेंज नाही, मेकॅनिक तर नाहीच.

“चेन तुटली त तिथी कोन येईन, सर?” ते मला विचारायचे. मी काही बोलायच्या आत स्वतःच सांगायचे, “वाघ येईन. अन् त्याच्यापाशी पाना नसते.”

जूनमधली फेरी सगळ्यात महत्त्वाची. पाऊस लागला, नाले भरले की ताईंचं गाव तुटायचं, मग दोन-तीन महिने जाणं नाही. म्हणून पावसाच्या आत एकदा जाऊन लोणचं, सांडगे, लाखोळीची डाळ आणि घरच्या तांदळाचं पोतं पोहोचवायचं, दोन दिवस लेकीजवळ राहायचं आणि परत यायचं. त्या दोन दिवसांवर त्यांचा पावसाळा निघायचा. हे ते बोलायचे नाहीत, पण परत आलेल्या दिवसापासून पुढच्या फेरीचे दिवस मोजायचे, ते मला दिसायचं.

मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मोटरसायकल घेतली. तिलाही डबल स्टँड नव्हता. रविवारी भाऊंच्या डोळ्यांसमोर ती साइड स्टँडवर उभी करून धुणं मला झेपणारं नव्हतं, म्हणून मी मोबाईलवर बघून एक स्टँड मागवला. मागच्या चाकाला खालून उचलणारा, काळा चकचकीत, खाली दोन पांढरी छोटी चाकं. खोका उघडताना मी खुशीत होतो. भाऊ उकिडवे बसले, स्टँड उलटा केला, त्या चाकांना बोट लावून गरगर फिरवलं.

“हे कायले?”

“सरकवायला सोपं पडतं.”

“कुठी सरकवता? फरशीवर? इथी फरशी कुठी हाय?”

मग त्यांनी मला आयुष्यभर पुरेल असं शिकवलं, आणि ते शिकवताना माझी पार शोभा केली. आधी एक दोरी घेऊन माझ्या गाडीच्या चिमट्याची रुंदी मोजली. मागचं चाक ज्या दोन दांड्यांच्या मधे बसतं त्याला मेकॅनिक लोक चिमटा म्हणतात. स्टँडचे हात त्यापेक्षा चार बोटं जास्त फाकलेले निघाले. मग हातांवरची रबरं दाबून पाहिली. ती नुसती सपाट होती, चिमटा त्यांच्यावर टेकणार, पण अडकणार कुठेच नव्हता. “चिमट्याले दोन बोल्ट ठोका, स्टँडले बेचकी पाह्यजे. अडकला म्हनजे अडकला.” आणि शेवटी उठून त्यांनी बादलीभर पाणी घेतलं आणि सारवलेल्या अंगणात ओतलं. मी म्हणालो, “भाऊ, हे काऊन?” वर्षभरात माझ्याही तोंडात त्यांचे शब्द बसले होते.

“कोरड्या अंगनात काईबी उभं राह्यते. ओल्यात पाहा.”

दहा मिनिटांनी त्यांनी मला स्टँड लावायला सांगितलं. मी दांडी दाबली, मागचं चाक उचललं गेलं, आणि मी त्यांच्याकडे विजयानं पाहिलं. तेवढ्यात डावीकडचं पांढरं चाक चिखलात रुतलं आणि माझी नवी गाडी पाण्याच्या ड्रमवर जाऊन पडली. त्यानंतर ते जे ओरडले ते समोरच्या विहारात बसलेल्या लोकांनीही ऐकलं.

त्यांचा स्वतःचा स्टँड वेगळाच होता. रेल्वे फाटकाजवळच्या एका वेल्डरकडून त्यांनी तो करून घेतला होता. जाड पाईप, वर बेचकी, तिच्यात जुन्या टायरचं रबर, आणि खाली चाकांऐवजी लोखंडी पाट्या, भाकरीएवढ्या रुंद. ओल्या मातीतही रुतायच्या नाहीत. एक पाय केसभर उंच झाला म्हणून वेल्डरला तो तीनदा कापायला लावला होता. परीक्षा अशी होती की गाडी स्टँडवर चढवायची, सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि मागचं चाक जोरात फिरवायचं. थेंब सांडला की स्टँड परत. शहरात फरशीच्या पार्किंगमध्ये राहणाऱ्यांनी आणखी कसले स्टँड घ्यायचे ते घ्यावेत. आमच्या भागात ज्याला सारवलेलं अंगण आहे त्यानं पाया रुंद घ्यावा, एवढं मी त्यांच्याकडून शिकलो आणि ते खरं आहे. माणूस खरा निघाला की आणखीच राग येतो.

आता भांडणाचं सांगतो. तिसऱ्या वर्षी मला पाहायला मुलीकडचे आले. मुलीचे वडील, मामा, आणखी दोघं. तो रविवार होता आणि माझी गाडी अंगणात साइड स्टँडवर होती. सकाळी घाईत मी तिच्या चेनवर डिझेल ओतलं होतं आणि ते सारवणावर ठिबकून मोठा डाग पडला होता. पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, पोह्यांच्या बशा हातात. भाऊ बाहेरून आले, त्यांनी डाग पाहिला, गाडी पाहिली आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, “याले मास्तर म्हनते लोक! ज्याले चेन साफ कराची अक्कल नाई त्याले पोरगी कोन देऊन राह्यलं?”

मामा हसले. मुलीचे वडील हसले नाहीत. ते स्थळ पुढे गेलं नाही. ते भाऊंमुळेच मोडलं असं मी आज शपथेवर सांगू शकत नाही, पण तेव्हा मला तसंच धरायचं होतं आणि मी तसंच धरलं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांना त्याचा पत्ताच लागला नाही, कारण आमच्यात बोलायचे ते एकटेच.

त्याच वर्षी हिवाळ्यात मला नागभीडच्या कॉलेजात जागा मिळाली. सामान टेम्पोत भरून झालं आणि मी गाडीला किक मारणार, तर भाऊ आतून आपला स्टँड घेऊन आले आणि माझ्या गाडीच्या मागे दोरीनं बांधायला लागले.

“तुमच्या गाडीचं माप देऊन ठेवा त्या वेल्डरले. तुमचा तयार होईपर्यंत हा वापरा. आठ दिवसानं आनून द्या.”

मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. दोरीची गाठ मारून पाठीवर थाप दिली. मला त्या थापेचाही राग आला.

आठ दिवसांनी मी स्टँड परत नेला नाही. पंधरा दिवसांनीही नाही. वेल्डरकडे माप द्यायला मी गेलोच नाही. नागभीडला मला फरशीचा व्हरांडा होता. तिथे तो स्टँड भिंतीला टेकून पडून राहिला. मी त्यावर ओले टॉवेल वाळत घालायचो. ब्रह्मपुरी तिथून गाडीनं पाऊण तास, अगदी सावकाश गेलो तरी. मी मुद्दाम नेला नाही, हे स्पष्ट सांगतो. चार पाहुण्यांसमोर माझी अब्रू काढणाऱ्यानं एकदा माझ्या दारात यावं, ‘सर, माझा स्टँड द्या’ असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मग मी लगेच दिला असता.

भाऊंचे फोन यायचे. चेन साफ केली का, टायरची हवा पाहिली का, नागभीडच्या रेल्वे फाटकावर संध्याकाळी फार थांबू नका. स्टँडचा एक शब्द नाही. प्रत्येक फोनला मी वाट पाहायचो आणि प्रत्येक फोननंतर माझी तळपायाची आग मस्तकात जायची. सरळ मागता येत नाही का या माणसाला? कशावरूनही आख्खी गल्ली डोक्यावर घेणारा माणूस!

न मागण्यामागे काय होतं ते मला माहीत होतं. त्यांच्या गावाकडे, धानाच्या पट्ट्यात, रोवणीच्या दिवसांत अवजारं घरोघर फिरतात. तिथला कायदा असा की नेणाऱ्यानं धुऊन, तेल लावून आणून द्यायचं. देणाऱ्यानं मागायचं नाही, आणि वस्तू कोणाकडे आहे हे चारचौघांत सांगायचंही नाही, कारण त्यात नेणाऱ्याचा पाणउतारा होतो. हे सगळं भाऊंनीच मला कधीतरी सांगितलं होतं. पण तो कायदा माझ्यासारख्या हलकट माणसासाठी केलेला नव्हता, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.

जून लागायच्या बेतात त्यांचा फोन आला. “पुढच्या इतवारी ताईकडं जाऊन राह्यलो. पानी लागाच्या आत. दोन दिवस आधी चेन साफ कराची हाय.”

मी म्हणालो, “जा. सांभाळून जा.”

पलीकडून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. भाऊ आणि गप्प! मला कळलं. मी कानाला फोन लावून उभा होतो, समोर त्यांच्या स्टँडवर माझा टॉवेल वाळत होता, आणि मीही बोललो नाही. मग ते म्हणाले, “ठीक हाय, जयभीम,” आणि फोन ठेवला.

शुक्रवारी त्यांनी गाडीच्या चिमट्याखाली दोन्ही बाजूंना विटा रचल्या. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याला असं करू दिलं नसतं, त्या माणसानं. स्टँड गेल्यापासून गाडी तिरपी धरायला ते शेजारच्या कोणाला तरी बोलवायचे, त्या सकाळी कोणी मोकळं नव्हतं. अंगणात सकाळचा सडा पडलेला होता. डावा हात चेनच्या मागच्या चक्रीजवळ असताना एकीकडची वीट खचली आणि गाडी त्यांच्या हातावर आली. शेजाऱ्यांनी गाडी उचलली तेव्हा दोन बोटांचा चेंदा झाला होता. बोटं राहिली, पण पुढे कधी वळली नाहीत. डाव्या हातानं क्लच दाबायचा असतो. तो हात गेला म्हणजे गाडी गेली, आणि गाडी गेली म्हणजे काय गेलं ते मी वर लिहिलं आहे.

मला हे सोमवारी कळलं, कॉलेजात ब्रह्मपुरीहून येणाऱ्या एका प्राध्यापकाकडून. मी तास सोडला, खोलीवर आलो, स्टँड साबणानं धुतला, तेल लावलं. तेल लावताना मला स्वतःची किळस आली. गाडीवर बांधून नेला. रस्ताभर मी ठरवत होतो की आत जायचं, सगळ्यांसमोर सांगायचं, ते जे बोलतील ते ऐकायचं. मारलं तर मार खायचा.

घरात ताई होत्या. निरोप पोहोचल्याबरोबर मिळेल त्या गाडीनं निघून आल्या होत्या, आणि नाले भरायच्या आत चार दिवसांत परत जायचं होतं. भाऊ खाटेवर, हात गळ्यात बांधलेला. दोन-तीन शेजारी बसलेले. मी स्टँड खांद्यावर घेऊन दारात उभा राहिलो. माझ्या तोंडातून पहिला शब्द निघायच्या आत भाऊ ओरडले, “झाली का वेल्डिंग? आनला का त्याच्याकडून? लय दिवस लावले त्यानं!”

ताईंनी मागे वळून स्टँडकडे पाहिलं. “हाच का तो? सर, तो वेल्डर कोन हाय? बाबानं कवाचा वेल्डिंगले टाकला अन् तो मानूस आज देते, उद्या देते करत राह्यला. त्याच्यापायी बाबाचा हात गेला. मी त्याले सोडत नाई!”

“जाऊ दे, त्याले बी काम असतेत,” भाऊ म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी त्यांच्याकडे कधी पाहिली नव्हती. ती मला गप्प बसायला सांगत होती, अगदी दटावून. आणि मी गप्प बसलो. मी म्हणालो, “हो. झाली वेल्डिंग.”

त्या क्षणापासून मी त्यांच्यावर चिडलेलो आहे. मला शिव्या पाहिजे होत्या. माझा हक्क होता त्यांच्यावर. त्यांनी त्या मला दिल्या नाहीत, वरून मला खोटं बोलायला लावलं.

ताई दुसऱ्याच दिवशी रेल्वे फाटकाजवळ गेल्या आणि त्या वेल्डरला भर रस्त्यात जे बोलायचं ते बोलल्या. मग परत गेल्या, पाऊस लागला, गाव तुटलं. इकडे गल्लीतल्या लोकांनी वेल्डरकडे काम टाकणं बंद केलं. मला राहवेना म्हणून मी एका दुपारी त्याच्या दुकानात गेलो. शांत माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. हातातलं काम बाजूला ठेवून म्हणाला, “सर, तुमी स्टँड गाडीवर बांधून नागभीडले गेले त्या दिवशी मी फाटकावरच होतो. मले माहीत हाय.”

“मग ताईंना सांगितलं का नाही?”

“म्हाताऱ्यानं मानूस पाठवला होता. म्हने, थोडे दिवस शिव्या खाय, मास्तरचं नाव नोको घेऊ. मले एकदा करंट लागला होता तई म्हाताऱ्यानंच ओढलं, सर. खातो शिव्या.”

त्याच्या दुकानात त्या दुपारी एकही काम नव्हतं. बाहेर एक गेट नुसतं उभं होतं, तेही त्याच्या स्वतःच्या घरचं. नेणाऱ्याचा पाणउतारा होऊ नये म्हणून तिसऱ्याच गरीब माणसाच्या पोटावर पाय? ही कोणत्या गावची रीत? ताई आल्या की त्यांना खरं सांगायचं, असं ठरवूनच मी तिथून निघालो.

पावसाळाभर दर रविवारी मी भाऊंकडे जात होतो. त्यांची न चालणारी गाडी स्टँडवर चढवून साफ करत होतो. ते खुर्चीत बसून ब्रश कसा धरायचा यावरून मला फाडून खायचे. पाणी ओसरलं की मी तुम्हाला मागे बसवून ताईंकडे नेतो, असं एकदा म्हटलं. “मी कोनाच्या मांगं बसत नाई,” एवढंच उत्तर. गाडी विकत नाहीत, चालवता येत नाही, पण चेन आरशासारखी चमकली पाहिजे.

पाणी ओसरल्यावर ताई सुट्टीवर आल्या. तो रविवार होता. त्या अंगणात लाखोळी निवडत बसल्या होत्या, भाऊ खुर्चीत, मी चेनशी. मी उठलो. हात डिझेलनं बरबटलेले. म्हणालो, “ताई, वेल्डरचा काही दोष नाही. स्टँड वेल्डिंगला कधी गेलाच नव्हता. माझ्याकडे होता, नागभीडला. मी मुद्दाम आणून दिला नाही. भाऊंचा हात माझ्यामुळे गेला.”

ताईंचा हात सुपातच थांबला. आणि भाऊ खुर्चीतून ताडकन उठले. गेल्या कितीतरी महिन्यांत ते असे ओरडले नव्हते. शेजारची म्हातारी दारात आली.

“खोटं बोलते हा! साफ खोटं! त्या वेल्डरची दया आली याले, म्हनून सोतावर घेऊन राह्यला! मास्तर लोकायले असंच वाटते, आपन बोललो म्हनजे खरं! बस खाली, चेन अर्धी राह्यली हाय!”

“भाऊ, मी खरं सांगतोय. ताई, त्या वेल्डरला विचारा.”

“तो बी हेच सांगन! दोघायनं मिळून ठरवलं हाय!” भाऊंचा आवाज फाटला. चांगला हात त्यांनी खुर्चीच्या पाठीवर आपटला. “मी माया हातानं टाकला वेल्डिंगले. मी. माया घरचा स्टँड, मले माहीत नाई का कुठी होता?”

ताई आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहत राहिल्या. आयुष्यभर ज्या बापाला खोटं बोलताना कधी पाहिलं नाही तो बाप एकीकडे, आणि दर रविवारी नागभीडहून येऊन त्याची गाडी पुसणारा मास्तर एकीकडे. निकाल काय लागणार ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या उठून आत गेल्या.

बाहेर आल्या त्या कपबशी घेऊन. डोळे भरलेले होते. म्हणाल्या, “सर, उद्या मी सोता त्या वेल्डरकडं जातो अन् माफ केलं म्हनून सांगतो. तुमी परक्या मानसासाठी एवढा दोष सोतावर घेऊन राह्यले. असा मानूस आजच्या काळात कुठी भेटते?”

मी भाऊंकडे पाहिलं. ते चेनकडे पाहत होते.

मी तो चहा घेतला. इतक्या रागात मी कधी कोणाच्या घरचा चहा प्यायलो नव्हतो.